कागदाच्या सुरळीतला घेवडा

मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हटकून विचारतो, "यात फायली ठेवता का?" नाही हो, मित्रांनो, मी फायलींचं कपाट नाही. कपड्यांचंही नाही. आणि फ्रिज तर मुळीच नाही. एकदा एका नव्या शिपायाने मला फ्रिज समजून जेवणाचा डबा माझ्यात ठेवला, आणि दुपारी झाकण काढल्यावर बिचाऱ्याला नाक धरून बाहेर पळावं लागलं. मी जर्मिनेटर आहे. सरकारी बीज तपासणी प्रयोगशाळेतला, आणि इथल्या सगळ्या यंत्रांत वयाने थोरला. बी माझ्या पोटात ठेवतात, मी त्याला ऊब देतो, ओल देतो, आणि ते उगवतं का याची सगळे वाट बघतात. उगवलं तर ते बियाणं म्हणून दुकानात जातं, शेतात जातं. नाही उगवलं तर जात नाही. बसल्या जागी करायचं काम आहे, तेही अंधारात. पण या इमारतीत माझ्याइतकं नवल कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आज ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन साडूंनी मिळून चालवलेली शेड होती ती. थोरले साडू मापं घ्यायचे, धाकटे पत्रा कापायचे, आणि दिवसभर दोघांची जुंपलेली असायची. माझ्या दाराच्या रबरावरून ते इतके भांडले की शेवटी दोघांच्या बायका, म्हणजे सख्ख्या बहिणी, मध्ये पडल्या. एकाचं म्हणणं, रबर जाड हवं, नाहीतर आतली ऊब निसटेल. दुसऱ्याचं म्हणणं, एवढं जाड रबर लावलं तर दार लावायला पैलवान ठेवावा लागेल. मग एका दुपारी त्यांनी शेडच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, माझ्या पोटात बॅटरी लावून ठेवली, दार बंद केलं आणि दोघंही गुडघे टेकून चहूबाजूंनी बघत बसले. कुठूनही उजेडाची रेघ बाहेर आली नाही. "जमलं," थोरले म्हणाले. धाकटे म्हणाले, "माझं रबर आहे, जमणारच." त्यावरून पुन्हा सुरू झालं, पण तोवर मला टेम्पोत चढवलेलं होतं.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा खोली नवी होती. लांब टेबलं, त्यांवर पांढरे कागद, भिंगं, चिमटे, आणि भिंतीला पाठ टेकून मी. माझ्या उजव्या हाताला काचेची भिंत आहे आणि तिच्यापलीकडे लोकांची खिडकी. तिथे कारकून बसतो आणि बियाण्याचे नमुने घेतो. काचेला मध्ये बोलायला भोकं आहेत, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू येतं. खरं तर मी ऐकायला नको, पण कान बंद करायची सोय साडूंनी ठेवली नव्हती.

माझ्याबरोबरच इथे एक तरुण कामाला लागला. आता सगळे त्यांना मोजणीकाका म्हणतात, तेव्हा नुकती मिशी फुटली होती. त्यांनी पहिला नमुना माझ्यात ठेवला तो मला अजून आठवतो. गव्हाचे दाणे होते. ओल्या कागदावर त्यांनी ते रांगेत मांडले, वर दुसरा ओला कागद घातला, हलक्या हाताने त्याची सुरळी केली आणि त्या सुरळ्या माझ्या ताटात उभ्या करून दार लावून घेतलं. मी लगेच कामाला लागलो. एक दिवस गेला, काहीच झालं नाही. मला वाटलं, संपलं, माझ्यातच काहीतरी खोट आहे, आता हे मला परत साडूंकडे पाठवणार.

आणि मग कागद कुरकुरला.

मित्रांनो, माझ्या पोटात काळोख असतो. तिथे माती नाही, वारा नाही, वर आभाळ नाही. तरी त्या दाण्यांनी अंग फुगवलं, साल फोडली आणि पांढरं मूळ बाहेर काढलं. काही दाणे चुकून उलटे पडले होते. त्यांनी मध्येच वळण घेतलं, पण मूळ खालीच नेलं आणि कोंब वरच काढला. खाली कुठे आहे हे त्यांना कोण सांगतं? मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी थक्क होऊन नुसता बघत राहिलो. पंखा फिरत होता तेवढाच. तेव्हापासून किती सुरळ्या माझ्यात उभ्या राहिल्या याचा हिशेब नाही, पण प्रत्येक वेळी पहिला दाणा फुटला की मला तसंच होतं. इतक्या वर्षांनी सवय व्हायला हवी होती. होत नाही.

आता तुम्ही विचाराल, बी उगवतंच की, मग ते सरकारने कशाला तपासायचं? मलाही आधी तसंच वाटायचं. पण बी बाहेरून काही सांगत नाही. मेलेला दाणा आणि जिवंत दाणा शेजारी ठेवले तर दोन्ही तितकेच गुळगुळीत आणि चकचकीत. माणूस पेरतो आणि वाट बघतो, आणि कळतं तेव्हा पेरणीचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणून नियम आहे. जो वाण पिशवीत भरून विकायचा, त्याची आधी नोंदणी करायची. त्याचा नमुना इथे पाठवायचा. शंभरातले किमान किती उगवायला हवेत हे ठरलेलं आहे, त्याच्या खाली आला तर तो साठा बियाणं नव्हे.

आणि यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट ऐका. नमुना खिडकीवर आला की कारकून त्याला एक नंबर देतो आणि मालकाचं नाव तिथेच राहतं. आत येतो तो फक्त नंबर. मोठ्या कंपनीचा मका आणि कुणा आजोबांचा मुळा माझ्यात एकाच ताटात उभे असतात. दोघांना तेच पाणी, तीच ऊब. मोजणाऱ्याला माहीत नाही कोण कुणाचा, आणि मला तर माहीत करून घ्यायचंही नसतं. बाहेर ते कोण होते कुणास ठाऊक, माझ्यात आले की सगळे नुसते दाणे.

माझेही चांगले दिवस होते. एकदा वरच्या कार्यालयातून तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या चारही कोपऱ्यांत तापमापक ठेवले आणि म्हणाले, "याची ऊब कुठे जराही हलत नाही, हे कुठून आणलंत?" मी पुढे कित्येक महिने फुशारकीत होतो. मग एक दिवस खोक्यातून नवा गडी आला. त्याला पडदा आहे, आकडे आहेत, थोडं बिनसलं की तो पिपाणीसारखा ओरडतो आणि आमच्या प्रमुख मॅडमच्या फोनवर निरोप पाठवतो. त्याला माझ्या जागेवर ठेवलं आणि मला काचेलगतच्या कोपऱ्यात सरकवलं. माझ्या डोक्यावर कागदांचे गठ्ठे आले, दाराच्या कडीला कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला. खोटं कशाला बोलू, मला राग आला. रुसलोसुद्धा. पण रुसलेल्या यंत्राची समजूत काढायला कोण येतंय? हंगाम आला, नमुन्यांचा ढीग लागला, नवा गडी भरून गेला, तेव्हा मोजणीकाका आले आणि त्यांनी टॉवेल काढून माझं दार पुसलं. "चल रे बाबा," ते म्हणाले. मी लगेच चालू झालो. मानी असलो तरी इतका मानी नाही.

त्याच हंगामात काचेपलीकडे बीज निरीक्षक आले. नमुना मालकाने आपल्या मर्जीने निवडून आणायचा नसतो. निरीक्षक स्वतः साठ्यातून वरचे, मधले, तळाचे असे दाणे काढतात, पिशवीत भरतात आणि तोंडाला लाखेची मोहोर लावतात. तशी पिशवी त्यांच्या हातात होती आणि मागे दोन बायका उभ्या होत्या. निरीक्षकांचा चेहरा वैतागलेला होता.

"या दोघी बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसून आल्या," ते कारकुनाला म्हणाले. "सबंध रस्ता पिशवीवरची नजर हटवली नाही."

"मोहोर तुटली असती म्हणजे?" दोघींतली मोठी म्हणाली.

"मी होतो ना लक्ष ठेवायला."

"तुम्हाला डुलकी लागली होती," दुसरी म्हणाली.

त्या दोघी जावा होत्या. थोरली उंच, कमी बोलणारी, काठी घेऊन चालणारी. धाकटी तिच्या खांद्याएवढी आणि तिच्या वाटचंही बोलून घेणारी. थोरलीने मूठ उघडून कारकुनापुढे धरली. तळहातावर घेवड्याचा एक दाणा होता, पांढरा, डोळ्याभोवती तांबडा ठिपका असलेला. कारकुनाने घाईने मान फिरवली.

"दाखवू नका हो मावशी. नंबर पडला की हा दाणा कुणाचा ते आत कळता कामा नये."

"कळू नका देऊ. बघा तर खरं," धाकटी म्हणाली. "आमच्या उतारावर वारा असा येतो की सगळा घेवडा झोपतो. शेंगा मातीत कुजून जातात. या काय करायच्या माहीत आहे? वारा थांबला की सगळ्यांच्या आधी रानात. एखादं झाड उभं राहिलेलं दिसलं की त्याला दोरा बांधायच्या, आणि त्याच झाडाच्या शेंगा बियाला ठेवायच्या. दर वर्षी तेच. मी नवी नवरी होऊन आले तर सासरची थोरली जाऊ रानात झाडांना दोरे बांधत फिरतेय. मला वाटलं, हिला बाधा झालीये आणि माझ्यापासून लपवलंय."

"तुला शिवायला दोरा मिळायचा नाही, त्याचं दुःख आहे तुला," थोरली म्हणाली.

"आहेच. पण घेवडा आता उभा राहतो."

मी काचेतून तो दाणा बघत होतो. बाईने आयुष्यभर वाऱ्यानंतर रानात जाऊन एकेक झाड निवडलं, आणि ते सगळं त्या तांबड्या ठिपक्याच्या दाण्यात गोळा होऊन बसलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं. मला मनापासून वाटलं, तो माझ्याकडे यावा.

बोलण्यातून बाकीचं कळलं. आजवर शेजारपाजारचे लोक त्यांच्याकडून ओंजळभर बी न्यायचे, त्याला कुणाची आडकाठी नव्हती. आता लांबलांबच्या उतारांवरचे लोक मागायला लागले होते. पिशव्या भरून द्यायच्या तर नोंदणी हवी. शेतावरच्या पाहण्या झाल्या होत्या. वाण वेगळा आहे, झाडं एकसारखी आहेत, पुढच्या पिढ्यांत गुण टिकतो, हे सगळं मान्य झालं होतं. राहिली होती फक्त उगवण. यंदाचं अख्खं पीक त्यांनी बियाणं म्हणून राखलं होतं, घरात दाणा शिजवला नव्हता. उगवणीत नापास झालं तर त्यातलं काहीही पेरणीसाठी देता येणार नव्हतं.

"नाहीच जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा नमुना द्या," कारकून समजुतीने म्हणाला.

थोरली खिडकीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. उत्तर धाकटीने दिलं. "यांचे गुडघे गेले. उतार चढवत नाही. दोरे बांधलेलं हे शेवटचं पीक आहे. पुढच्या वर्षी निवडायचं कुणी? मला सगळी झाडं सारखीच दिसतात."

"काळजी नको," थोरली कारकुनाला म्हणाली. जणू नापास व्हायची भीती त्यालाच होती. "सरकारला ओलं बी चालत नाही, ते आम्हाला कळलंय. उन्हात वाळवलं, मग पत्र्यावर वाळवलं, मग पुन्हा उन्हात. दाताखाली धरला तर दात हलेल, दाणा हलायचा नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं. ओल्या बियाला बुरशी धरते हे मला माहीत होतं. जास्त वाळवण्याचंही काही असतं हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

नंबर पडला आणि नमुना आत आला. मोजणीकाकांनी दाणे मोजून ओल्या कागदावर मांडले, सुरळ्या केल्या. नवा गडी भरलेला होता म्हणून त्या माझ्यात आल्या. शेजारी कुठल्याशा कंपनीच्या मक्याच्या सुरळ्या होत्या. मी दोघांना सारखं सांभाळलं. मक्याचा कागद तिसऱ्या दिवशी कुरकुरला. घेवड्याच्या सुरळ्यांतून आवाज आला, पण थोडा, इथे एक, तिथे एक. मी वाट बघत राहिलो. बाकीचे दाणे गप्पच होते.

मोजणीच्या दिवशी काकांनी सुरळ्या टेबलावर उलगडल्या. काचेपलीकडच्या बाकावर त्या दोघी येऊन बसल्या होत्या. निकाल कधी लागायचा ते कारकुनाने सांगितलं असणार. काकांनी उगवलेली रोपं एका बाजूला घेतली. ती मूठभर होती. बाकीचे दाणे जसे ठेवले होते तसेच. त्यांनी एकेक दाणा चिमट्याने दाबला. मेलेलं बी ओल्या कागदात कुजतं, दाबलं की फसकन फुटतं. हे दाणे टणक होते. चिमटा त्यांच्यावरून घसरत होता.

आणि मला थोरलीचं बोलणं आठवलं. उन्हात, मग पत्र्यावर, मग पुन्हा उन्हात. अहो, इतकं वाळवलं होतं की सालीचं दगडी कवच झालं होतं. इतके दिवस मी ओल देत होतो आणि पाणी आत शिरलंच नव्हतं. आत जीव होता, तहानलेला. हे मला ओरडून सांगायचं होतं. पण मला फक्त पंखा फिरवता येतो. मी तो फिरवला.

काकांनी मॅडमना बोलावलं. मॅडम इथल्या प्रमुख. निकालावर सही त्यांची, आणि सहीच्या आधी त्या प्रत्येक शब्द वाचतात. त्यांनी भिंगातून दाणे पाहिले.

"मेलेले नाहीत," काका म्हणाले. "कवच कठीण झालंय."

"पण उगवलेले नाहीत. मर्यादेच्या बरेच खाली आहेत."

"कवचाला छेद देऊन फेरचाचणी घेता येते. नियमात आहे."

"आहे, मला माहीत आहे. निकालावर तसं लिहावं लागेल." मॅडम थांबल्या. त्या काचेकडे बघत नव्हत्या, आणि काकाही बघत नव्हते. बाकावर कोण बसलंय हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. "हा नमुना कुणाचा आहे, काका?"

"मला नंबर माहीत आहे."

"उद्या मोठ्या कंपनीचा नमुना असाच टणक निघाला, तर त्यालाही हीच फेरचाचणी द्याल?"

काकांनी जरा विचार केला. मला ते आवडलं, की त्यांनी पटकन हो म्हटलं नाही. "देईन," ते म्हणाले.

"मग राखीव हिस्सा काढा," मॅडम म्हणाल्या.

नमुन्याचा एक भाग अशा वेळेसाठी बाजूला ठेवलेला असतो. तो एवढाच होता. यातही उगवण खाली आली की निकाल पक्का. बाहेर कारकुनाने दोघींना सांगितलं की फेरचाचणी आहे, अजून थांबावं लागेल.

"फेर म्हणजे नापास का?" धाकटीने विचारलं.

"फेर म्हणजे पुन्हा."

"पण पहिल्यांदा पास झालं असतं तर पुन्हा कशाला केलं असतं?"

कारकून नोंदवही चाळायला लागला. थोरली उठली. तिने काठी सावरली. "चल," ती म्हणाली. "पत्र्यावर आणखी एक दिवस ठेवायला हवं होतं. ओल राहिली असणार." मित्रांनो, अजून वाळवायला हवं होतं असं तिला वाटत होतं, आणि तिला थांबवून खरं काय ते सांगणारं कुणी नव्हतं. कारण निकाल लागेपर्यंत सांगायचं नसतं.

दुपारी काकांनी खणातून नेलकटर काढलं. हसू नका. प्रयोगशाळेत महागाची उपकरणं आहेत, पण घेवड्याच्या दाण्याला टीचभर छेद द्यायला नेलकटरसारखं दुसरं काही नाही. डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, सालीपुरता छेद. डोळ्याजवळ कापलं तर आतला कोंब जखमी होतो, आणि जखमी रोप मोजणीत धरत नाहीत. काकांनी दहा-बारा दाणे केले असतील, तोवर मॅडम आपल्या खोलीतून आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"दुसरं आहे का?"

"मॅडम, तुम्ही कशाला?"

"संध्याकाळपर्यंत एकट्याने होणार नाही. आणि मला येतं हो. सह्या करायला लागायच्या आधी मीही हेच करत होते."

दोघं समोरासमोर बसून कापत राहिले. मॅडमच्या मुलीच्या परीक्षेचं बोलणं झालं, काकांच्या सुनेने आणलेल्या मांजराचं झालं. मधूनच नुसतं टिक्, टिक् ऐकू यायचं. एखादा छेद खोल गेला की काका "अरेरे" म्हणायचे आणि तो दाणाही तसाच रांगेत ठेवायचे, कारण मोजलेला दाणा बदलायचा नसतो. मी तोवर ताट गरम करून तयार होतो.

ती चाचणी मी जशी सांभाळली तशी कुठलीच सांभाळली नाही. माझं रबर म्हातारं झालंय, पंखा एका बाजूला घासतो. पण त्या दिवसांत मी घासू दिला नाही. नवा गडी एकदा उगाचच पिपाणी वाजवून गेला, तरी मी हललो नाही. आणि पहिल्याच दिवशी, ऐका, पहिल्याच दिवशी सुरळ्या जड झाल्या. दाणे पाणी पीत होते. ज्यांच्या भावंडांनी पहिल्या चाचणीत पाणी आत घेतलं नव्हतं, ते आता घटाघटा पीत होते. साल सुरकुतली, मग ताणली गेली, आणि छेदापासून फाटत गेली. मग मुळं निघाली. कागद इतका कुरकुरला की मला वाटलं काकांना घरी ऐकू जाईल.

घेवडा उगवताना तुम्ही कधी पाहिलाय का? तो डोकं वर करून येत नाही. पाठ वाकवून येतो. मान खाली, पाठ वर, आणि त्या पाठीने वरचं सगळं ढकलत. डोकं सगळ्यांत शेवटी सोडवून घेतो. माझ्यात वर ढकलायला माती नव्हती, नुसता कागद होता, तरी सगळ्यांनी पाठी वाकवल्या होत्या. सुरळ्यासुरळ्यांत, रांगेने. उताराचा वारा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पण त्यांच्या आजी-पणज्या ज्या झाडांवर वाढल्या, ती झाडं वाऱ्यात उभी राहिली होती, म्हणूनच तर त्यांना दोरा मिळाला. हे सगळं त्या एवढ्याशा दाण्याने कुठे ठेवलं होतं? मला कळत नाही. मला फक्त इतकंच कळतं की मी तिथे होतो.

मोजणीच्या दिवशी काकांनी सुरळ्या उलगडल्या. मग मोजायला लागले. सगळे उगवले नव्हते. काही कुजले होते, काही वाकडेतिकडे होते, खोल छेद गेलेला एक तर मध्येच तुटला होता. काकांनी त्यांना चांगल्यांत धरलं नाही. तरीही संख्या मर्यादेच्या चांगली वर गेली. मॅडमनी स्वतः एकदा मोजलं, वाचलं आणि सही केली. शेरा लिहिला, कवचाला छेद देऊन तपासले. आणि पिशवीवरच्या चिठ्ठीसाठी सूचना लिहिली, की पेरण्याआधी दाणे जाड वाळूत चोळून घ्यावेत.

सही झाली की नंबराला नाव मिळतं. कारकुनाने दोघींना आत बोलावलं. थोरलीच्या हातात मॅडमनी निकाल दिला आणि नोंदणी झाली असं सांगितलं. मग जास्त वाळवण्याचंही सांगितलं. थोरलीचा चेहरा पडला.

"म्हणजे मीच मारत होते त्याला."

"मेलं नाही ना," काका म्हणाले. "तुम्ही कुलूप जरा जास्त घट्ट लावलंत, एवढंच. आम्ही उघडलं."

धाकटीने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच म्हणाली, "मी सांगत होते, बास करा, पत्रा तापलाय. पण माझं कोण ऐकतंय."

थोरलीने विचारलं, "बघू का?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. काकांनी उघड्या सुरळ्या टेबलावर मांडल्या आणि थोरली काठी टेकून त्यांच्यावर वाकली. पांढरी मुळं, वाकलेल्या पाठी, नुकती सुटलेली पानं. ती कितीतरी वेळ बघत होती. आयुष्यभर तिने घेवडा वरून पाहिला होता. मातीखाली त्याचं काय चालतं ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, चला, हे नवल फक्त माझं एकट्याचं नाही.

"आता ही कुठे लावणार?" तिने विचारलं.

काका अडखळले. "लावत नाहीत. तपासलेली रोपं नष्ट करायची असतात. मागे खड्डा आहे, तिथे टाकतो. नियम आहे."

हे मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं, मित्रांनो. सांगवत नाही म्हणून. माझ्यात उगवलेल्या कोट्यवधी रोपांतलं एकही कधी शेतात गेलेलं नाही. ती इथे जन्मतात, मोजली जातात आणि संपतात. त्यांच्या भरवशावर त्यांची भावंडं पोत्यांतून रानात जातात. बादली घेऊन कुणीतरी येतं, रोपं त्यात जातात, आणि मी पुसून रिकामा होतो. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे त्या वेळी कुणी बघितलेलं मला आठवत नाही. बघायचं तरी काय, काम झालेलं असतं.

शिपाई बादली घेऊन आला. थोरलीने काठी धाकटीच्या हातात दिली.

"मी नेते," ती म्हणाली.

"अहो, गुडघे," धाकटी म्हणाली.

"इथे उतार नाही."

तिने बादली घेतली नाही. रोपं कागदासकट उचलली, दोन्ही हातांवर आडवी घेतली, जसं झोपलेल्या लेकराला घेतात तसं. मागचं दार काकांनी धरलं. मॅडम बाजूला झाल्या. ती हळूहळू, एकेक पाऊल टाकत खड्ड्यापर्यंत गेली आणि तिने एकेक कागद खाली सोडला. मागचं दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या कुंडीत किंवा वाफ्यात कधी एखादं बी पाठ वाकवून वर आलं, तर लक्षात ठेवा, त्याच्या आधी त्याचं एक भावंड कुठल्यातरी अंधाऱ्या पेटीत उगवून गेलंय, फक्त हे येईल एवढं सांगण्यासाठी. त्याला पाणी घालायला विसरू नका.